आवारात आखलेलं बेट

बेट सकाळच्या चहाआधीच आखून झालं.

गोदामामागच्या आवारात थोरल्यांनी चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. एका हातात हॉटेलने पाठवलेला नकाशा, दुसऱ्या हातात लांब टेप, डोक्याला रुमाल. हिरवळ, तिच्या मधोमध लग्नाची चौखांबी, पाहुण्यांच्या रांगा, किनाऱ्याकडे उतरणारी वाट, सगळं खऱ्या मापाचं. समुद्र मात्र नेमका ट्रक उभा असतो तिथे आला होता, आणि ट्रक काही सुरू होत नव्हता.

"दादा, तुझ्या समुद्रात ट्रक आहे," आत्या पायरीवरून म्हणाली.

"भरती आली की तरंगेल," थोरले टेप गुंडाळत म्हणाले.

या घरची रीतच होती ती. मंडपाचं कुठलंही काम घेतलं की आधी ते आवारात आखायचं आणि मग घरातल्या सगळ्यांनी त्यातून एकदा चालायचं. पाहुणे आले, बसले, लग्न लागलं, पाहुणे जेवायला गेले, सगळं पायाने करून बघायचं. कागदावर काय वाट्टेल ते मावतं. पाय फिरले की कळतं, कुठला खांब कुणाच्या नाकासमोर येतोय. म्हणून त्यांच्या पुतणीने, सुतळीने, आपलं लग्न त्या लांबच्या बेटावर करायचं म्हटलं, तेव्हा थोरले रागावले नव्हते. "आखून बघू," एवढंच म्हणाले होते. एकदा आखलं की चुका डोळ्यात भरतील आणि पोरगी आपोआप शहाणी होईल, असा त्यांचा कावा होता.

पण निर्णय थोरल्यांच्या हातात नव्हता. हॉटेलवालीने ती हिरवळ आज संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या लग्नाला जाणार होती. आणि सुतळीने सांगून टाकलं होतं, बाबा मनापासून हो म्हणाले तरच. तिचे बाबा, म्हणजे थोरल्यांचे भाऊ, घरादाराचे आणि गिऱ्हाइकांचेही धाकटे, गेले कित्येक दिवस 'बघू' म्हणत होते. धाकट्यांनी 'बघू' म्हटलेला मंडप आजवर कधी उभा राहिला नव्हता.

आत्या मात्र बेटाच्या बाजूने होती. दुकानाचा फोन तिच्याकडे, त्यामुळे उभ्या जन्मात तिने फक्त दुसऱ्यांच्या लग्नांच्या तारखा लिहून घेतल्या होत्या. सुतळीचं ठरल्या दिवशीच तिने रुंद काठाची गवती टोपी आणली होती, आणि हल्ली ती टोपी घालूनच गिऱ्हाइकांशी बोलायची.

"तुला काय करायचंय गं समुद्रावर?" थोरल्यांनी विचारलं. "पोहता येतं का?"

"मी पाण्यात कशाला जाते? पाणीच येतं म्हणे पायाशी. इथे नळाचंसुद्धा येत नाही."

"इथे आपलं सामान आहे. आपली माणसं आहेत. तिकडे कोण आहे?"

"तिकडे पाणबुड्या आहे."

पाणबुड्या हे आत्यानेच जावयाला ठेवलेलं नाव. तो त्या बेटावर प्रवाळ मोजायचा. पाण्याखाली जाऊन कुठलं जगलं आणि कुठलं पांढरं पडलं हे टिपून आणणं, ही चक्क त्याची नोकरी होती. सुतळी प्रयोगशाळेत त्याच पाण्याचे नमुने तपासायची. ओळख अशी बाटल्यांतून झाली. पाणबुड्याची आई बेटावरच्या शाळेत शिकवत होती आणि गुडघ्यांमुळे तिला लांबचा प्रवास झेपत नव्हता. म्हणून लग्न तिकडे. कारण सरळ होतं, कुणालाही पटण्यासारखं होतं, आणि थोरल्यांना त्यात नेमकी हीच गोष्ट आवडत नव्हती.

धाकटे दोराच्या वेटोळ्यावर बसून एका दोराचं उसवलेलं टोक पीळ देऊन पुन्हा विणत होते. त्यांच्या कानावर सगळं पडत होतं. बेटाशी त्यांचं भांडण नव्हतं, पाण्याशी नव्हतं, जावयाशी तर मुळीच नव्हतं. त्यांच्या घशात अडकला होता तो हॉटेलचा नियम. बाहेरचा मंडपवाला चालणार नाही. छत, दोर, पडदे, दिवे, सगळं हॉटेलची माणसं करणार.

गावात असं घर नव्हतं ज्याच्या दारात धाकट्यांनी छत ताणलं नव्हतं. ज्या पोरांच्या बापांची लग्नं त्यांनी उभी केली, त्या पोरांचीही केली. आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात बांबूला हात लावायचा नाही? शिंप्याने आपल्या लेकराचा झगा बाजारातून आणावा तसं ते होतं. त्याच्याही खाली आणखी एक विचार होता, आणि तो ते स्वतःलासुद्धा नीट ऐकू देत नव्हते. पोरगी शिकली, पांढरा कोट घालून काचेच्या भांड्यांत काम करू लागली. तिला या काथ्याने चिरलेल्या बोटांची लाज तर वाटत नसेल?

"लाव तिला फोन," ते अचानक सुतळीला म्हणाले. "त्या हॉटेलवालीला. मला दोन गोष्टी विचारायच्यात."

थोरल्यांचा चेहरा उजळला. धाकट्यांच्या दोन गोष्टींपुढे भलेभले ठेकेदार गार पडले होते.

हॉटेलवाली आपल्याच भाषेत बोलायची. तिकडे आपल्याकडची लग्नं इतकी व्हायची की हॉटेलने तिला त्यासाठीच ठेवलं होतं. सुतळीने फोन उपड्या बादलीवर ठेवला आणि सगळे भोवती वाकले.

"वाळूत मेख धरत नाही," धाकट्यांनी नमस्कारही न करता सुरुवात केली. "किनाऱ्याकडच्या दोरांचा ताण कशावर घेता?"

"मेख मारतच नाही सर तिकडे. पोत्यात वाळू भरतो, पोती आडवी पुरतो आणि दोर त्यांना बांधतो. हिरवळीवर मेखा असतात, पण तिरक्या. डोकं दोराच्या उलट बाजूला."

थोरल्यांनी भुवया उडवल्या. आत्याने टोपी सावरली.

"छतात वारा भरला तर?"

"छताला मध्ये फट ठेवलेली असते सर, वरून दुसरं कापड. वारा खालून शिरला तरी वरून निघून जातो. आणि सूर्य बुडाला की वाऱ्याची दिशा फिरते, म्हणून लग्न त्याआधी लावून घेतो."

"बरोबर सांगतेय," धाकटे बादलीकडे बघत म्हणाले. कुणीतरी गेल्याची बातमी द्यावी अशा आवाजात.

"सर, तुम्हाला यातलं बरंच कळतं," पलीकडून हसू आलं.

"थोडंफार."

"मग तुम्हाला काळजीच नको. तुम्ही फक्त यायचं."

"आणि?"

"आणि बसायचं."

आत्या पुढे झाली. "अगं बाई, आणि दारात? पाहुण्यांना या-बसा कोण म्हणणार?"

"आमच्या मुली आहेत ना मॅडम. सगळ्या एका रंगाच्या साड्यांत. हातात थंड सरबत देऊन आत आणतात."

"म्हणजे दारात उभं राहायला माणसं ठेवलीत?"

"हो मॅडम. तुम्हाला काहीही करायचं नाहीये."

फोन बंद झाला. आत्याने टोपी काढली आणि बादलीवर ठेवली.

"माझ्या भाचीच्या लग्नात एका रंगाच्या मुली या-बसा म्हणणार," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "दादा, तुझं खरं आहे. इथेच करू. आपलं आवार काय वाईट आहे?"

"मघाशी नळाला पाणी नव्हतं," थोरले म्हणाले.

"टँकर मागवू!"

सुतळी तिथून निघाली ती थेट कापडांच्या खोलीत. आई शिवणयंत्रावर झालर दुमडत होती. छताला लागते तसली, चुण्यांची, न संपणारी. आईने पाय थांबवला नाही.

"आत्या फुटली," सुतळी म्हणाली.

"ऐकलं मी. तिचा कुजबुजायचा आवाजसुद्धा फाटकापर्यंत जातो."

"आता थोरले काका, आत्या, दोघं इथेच करू म्हणतायत. बाबा गप्प. आणि ती हॉटेलवाली म्हणाली, बसायचं. आई, बाबांचा चेहरा असा झाला ना, की तिने त्यांना शिवीच दिली."

"त्यांच्या लेखी शिवीच ती." आईने दोरा तोडला. "खरं कारण सांगून टाक ना त्यांना. तुझ्या सासूचे गुडघे पुढे करून किती दिवस काढणार?"

"गुडघे खरेच आहेत."

"असतील. पण ती माउली म्हणाली होती ना, जहाजाने का होईना, येते म्हणून? मला काय माहीत नाही?"

सुतळी कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. लहानपणी ती दोरांच्या ढिगात झोपायची, काडीसारखी, म्हणून तिचं नाव सुतळी पडलं होतं. गठ्ठा आजही तिच्या वजनाने दबला नाही. थोरल्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा ती शाळकरी होती. ताईच्या गळ्यात हार पडला आणि तिने बाबांचा चेहरा बघायला मागे वळून पाहिलं. बाबा नव्हते. आई नव्हती, आत्या नव्हती, थोरले काकासुद्धा नव्हते. सगळी माणसं लग्नाचीच होती, फक्त घरचं एकही नव्हतं. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपल्या लग्नात असं झालं तर आपण रडू. मोठी झाल्यावर तिने या गोष्टीचा विचार जरा पद्धतशीर केला. इथे, या सामानात, बाबा बसणं शक्य नव्हतं. बाबांना बसवायचं तर त्यांना दोरापासून लांब न्यायला हवं. जितकं लांब, तितकं बरं. बेट हे तिला सापडलेलं सगळ्यात खात्रीचं अंतर होतं.

"सांगितलं तर ते माझ्यासाठी बसतील," ती म्हणाली.

"मग?"

"मग तोंड पाडून बसतील. मला बाबा बसलेले हवेत, बसवलेले नकोत."

आई खळखळून हसली. "सासरी जाऊन काय होईल ते होवो, बाई, पण बोलायला शिकलीस." तिने झालर बाजूला सारली आणि उठली. "चल. तुझे काका चालायला बोलावतायत."

आवारात थोरले चौखांबीच्या मध्यभागी उभे होते. शेजारी एक लोखंडी खुर्ची ठेवली होती, ती नवरा. थोरले स्वतः भटजी. "नवरी कुठाय? नवरी वाटेने येईल, किनाऱ्याकडून. ट्रकच्या डावीकडून ये गं, पाण्यात पाय टाकू नकोस!"

सुतळी फक्कीच्या वाटेवरून चालत आली. पाहुणे आले असं समजून सगळे आपापल्या जागी गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. जागा पायांनाच माहीत होत्या. आत्या दोन रेघांमधल्या दारात जाऊन उभी राहिली आणि हवेतल्या कुणाला तरी "या, या, उशीर केलात" म्हणू लागली. आई सुईत दोरा ओवून पडद्याच्या रेघेमागे गेली. थोरल्यांनी "शुभमंगल" एवढं म्हणून घेतलं आणि ते लगबगीने जनरेटरचा चौकोन आखला होता तिकडे निघाले. धाकटे वाऱ्याकडच्या कोपऱ्यात, पाठ सगळ्यांकडे, मान वर, नसलेल्या छताकडे बघत.

मध्ये सुतळी आणि लोखंडी खुर्ची, दोघंच उरली.

"घालू का हार?" तिने विचारलं.

"घाल, घाल," थोरले लांबून ओरडले.

"बाबा, मी हार घालतेय."

"हो गं," धाकटे वर बघत म्हणाले. "चालू दे तुझं. इकडे मी आहे."

सुतळीने हवेतला हार खुर्चीच्या पाठीवर घातला. मग म्हणाली, "लागलं माझं लग्न. कुणी बघितलं?"

आत्या वळली. आईने पडद्याच्या रेघेमागून डोकं काढलं, जणू तिथे खरंच पडदा होता.

"काका, हा नकाशा हॉटेलचा आहे. यात जनरेटर नाहीये. तुम्ही तो चौकोन का आखलात?"

थोरल्यांनी पायाखाली पाहिलं. फक्कीचा चौकोन नीट, काटकोनात होता. तो कधी आखला हे त्यांना आठवेना. नकाशा उलटसुलट करून पाहिला. त्यावर ती जागा फुलझाडांची होती.

"सवय," ते म्हणाले.

"आणि बाबांचा कोपरा? तिकडे त्यांचा माणूस असणार आहे. आत्याच्या दारात मुली आहेत. काका, पहिल्या रांगेत घरच्यांच्या खुर्च्या आहेत नकाशात. तुम्ही सगळं आखलंत. तेवढी रांग सोडलीत."

थोरले टेप उघडत बंद करत राहिले. त्यांना वाटलं होतं आखल्यावर हॉटेलची चूक सापडेल. टेपची पट्टी सटकन आत गेली आणि ते त्या चौकोनातच उकिडवे बसले.

"ताईच्या लग्नात मी इथेच होतो," ते म्हणाले. "म्हणजे, अशाच ठिकाणी. ऐन वेळी ते यंत्र धाप टाकायला लागलं. मी म्हटलं, दिवे गेले तर पोरीच्या लग्नात अंधार. पाना घेऊन वाकलो. मग टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा कळलं की लागलं." मग आवाज उतरवून म्हणाले, "बायकोला सांगितलं होतं, मी मागून बघत होतो. कुणी बोलू नका तिच्यापाशी."

"वहिनीला माहितीय रे," आत्या म्हणाली. "तुझ्या तोंडाला ग्रीस होतं."

धाकटे कोपऱ्यातून चालत आले. "म्हणजे," ते लेकीला म्हणाले, "मला कामावरून काढायला बेटावर चालली होतीस तू."

"हो."

"आणि मला वाटत होतं, तुला या कामाची..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

सुतळीला तो कळला. तिने त्यांचा हात धरला आणि बोटं उलटी करून पाहिली, एकेक. "वेडे आहात का बाबा?" ती म्हणाली. "प्रयोगशाळेत नळी कशाने बांधते मी? तुम्ही शिकवलेल्या गाठीने. सगळे शिकलेत आता माझ्याकडून."

"मग सरळ सांगायचं. मी इथेच बसलो असतो. बसायला काय लागतं?" धाकट्यांनी नवऱ्याची खुर्ची ओढली, पहिल्या रांगेच्या जागी टेकवली आणि मांडीवर हात ठेवून बसले. "हा बसलो."

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ट्रकवरची ताडपत्री एका टोकाला फडफडली. जेमतेम एकदा. धाकटे तिच्यापाशी पोहोचले तेव्हा थोरले तिथे आधीच होते आणि दुसरं टोक आत्याच्या हातात होतं. तिघांनी तिन्ही बाजूंनी ताडपत्री धरून एकमेकांकडे पाहिलं. मागे खुर्ची रिकामी होती, आणि आई पोट धरून हसत होती.

"अहो," ती म्हणाली, "समुद्रात उतरलात की हो तिघं!"

धाकट्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. आपण उठलो कधी, हे त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

"बेटावर न्या याला," थोरले ताडपत्री सोडत म्हणाले. "आणि मलाही. इथे काही खरं नाही आपलं."

"अरे, तू तर नको म्हणत होतास!" आत्या म्हणाली.

"आखून बघू म्हणालो होतो. आखलं. बघितलं."

"मी मात्र बसणार नाही हं. मी त्या मुलींच्या रांगेत उभी राहीन. त्या सरबत देतील, मी या-बसा म्हणेन. सरबताला काय तोंड असतं?" आत्याने बादलीवरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली.

धाकट्यांनी स्वतः फोन लावला.

"हिरवळ पक्की समजू का सर?" हॉटेलवालीने विचारलं.

"आधी एका खुर्चीचं बोलायचंय."

"बोला ना."

"माझी खुर्ची अशी ठेवा की तिथून मला दोर दिसणार नाहीत. एकही."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. "पहिल्या रांगेत डावीकडे?"

धाकटे फोन कानाला लावून त्या जागी गेले आणि गुडघे वाकवून बसल्यासारखं केलं. "इथून किनाऱ्याकडचे दोन दिसतात."

"उजवीकडे?"

"इथून कोपऱ्यातला. तो तर नकोच." थोरले टेप घेऊन मागोमाग आले. रांगेच्या मध्यावर वरची फट दिसत होती. कडेला गेलं की मेखा दिसत होत्या. छत आहे तिथे दोर असणारच, हे दोघांनाही माहीत होतं, तरी दोघे खुर्ची उचलून हिरवळभर फिरत राहिले. मग थोरल्यांनी ती चौखांबीच्या आत नेली आणि सुतळीच्या पुढ्यात ठेवली. इतकी जवळ की धाकटे बसले तेव्हा समोर फक्त ती होती. डावीकडे तिचा खांदा, उजवीकडे तिचा खांदा, वर तिचा चेहरा. बाकी आवार, ट्रक, आभाळ, सगळं तिच्यामागे गेलं.

"सापडली," धाकटे फोनमध्ये म्हणाले. "चौखांबीच्या आत. नवरीपासून हातभर."

"सर, तिथे फोटोवाला उभा असतो," हॉटेलवाली म्हणाली. "त्याला तुम्ही आड याल. सगळ्या फोटोंत तुमची पाठच दिसेल."

धाकट्यांनी मान वर करून लेकीकडे नीट पाहिलं.

"दिसू दे," ते म्हणाले.